दोघांचं मिळून एक उभं राहणं

शिंपी : नको, उभा नको राहूस. काल सभेत राहिलास तेवढं पुरे. ये, असा जवळ बस. एक गोष्ट सांगतो.

रंगारी : दादा, मी गोष्ट ऐकायला नाही आलो. मला बोलायचंय तुमच्याशी.

शिंपी : बोलशील रे. आधी ऐक. एक होता शिंपी. वस्तीच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक यंत्र, एक फळी आणि डोक्यावर पत्रा. पण देवाची कृपा अशी, की अख्ख्या वस्तीच्या कंबरेची मापं त्याला तोंडपाठ.

शिंपीणबाई : (पडद्याआडून) आणि कंबर वाढली की दोष शिंप्याचा!

शिंपी : हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. कथा म्हटली की झांजा मध्ये मध्ये वाजायच्याच. तर त्या शिंप्याला एक मित्र होता, रंगारी. पाठच्या भावासारखा. शिंप्याचे गुडघे गेले, तेव्हा हा मित्र म्हणाला, दादा, वस्ती मंडळाच्या सभेत तुम्ही आपले बसून राहा. ठराव पटला त्यानं उभं राहायचं, न पटला त्यानं बसून राहायचं, अशी मंडळाची रीत. तर तुम्ही नुसती मान हलवा, मी दोघांचं मिळून एकदाच उभा राहीन. चिटणीसही भला माणूस. रंगारी उठला की दोन मोजायचा.

शिंपीणबाई : रस्त्यावरच्या दिव्यांचा ठराव असो, गटारावरच्या झाकणांचा असो, भावजी उभे राहिले की आमचं घर उभं राहिलं. यांना सभेत उभं कुणी बघितलंच नाही कधी.

रंगारी : वहिनी, यांनी मान हलवल्याशिवाय मी कधी उठलो का, सांगा.

शिंपीणबाई : कालपर्यंत नाही.

शिंपी : थांबा रे, पूर्वरंगातच भांडू नका. तर काल शेवटचा ठराव आला. कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान काढायचं आणि तिथं बाग करायची. चार झाडं, एक बाक. शिंपी मागच्या रांगेत पाय लांब करून बसलेला, अगदी निर्धास्त. त्यानं मान हलवली नाही, म्हणजे मित्र उठणार नाही. आणि ज्याचं दुकान तोच बसून आहे म्हटल्यावर वस्तीही उठणार नाही. एवढा हवाला तो देवावरही ठेवत नाही रे! आणि मित्र उठला. सगळ्यांच्या आधी.

रंगारी : दादा, पुरे.

शिंपी : चिटणीस म्हणाले, दोन. शिंप्याचीच संमती आहे म्हटल्यावर भराभर सगळे उठले. लोकांचं काय चुकलं? आता शिंप्याला ओरडायचं होतं. पण पंखे असे घरघरताहेत, की आवाज दोन खुर्च्यांपलीकडे जाईना. मग त्यानं पुढची खुर्ची धरली, दात आवळले आणि कितीतरी वर्षांनी तो उभा राहिला.

शिंपीणबाई : नाही म्हणायला उभे राहिले हो! नाही म्हणायला!

शिंपी : आणि अख्ख्या सभेनं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचे डोळे भरून आले. म्हणाले, बघा मंडळी, याला म्हणतात मोठं मन, आज स्वतः उभे राहिले! त्या टाळ्यांत शिंप्याचं ‘नाही’ तोंडातच राहिलं.

रंगारी : मला वाटलं, तुम्हालाही शेवटी…

शिंपी : काय वाटलं? खोटं बोलू नकोस. एवढ्या माणसांत कुणाला कळलं नाही, त्यांचा मला राग नाही. तू मागं वळलास. माझ्या तोंडाकडे बघितलंस. मी का उठलो ते तुला कळलं. आणि तू परत समोर बघायला लागलास.

रंगारी : …हो. बघितलं मी.

शिंपीणबाई : आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, भावजी. विजार आखूड करायला जिने चढून कोण येणार? बोला ना! काय कबूल केलं अध्यक्षांनी? मंडळावर घेताहेत?

रंगारी : बाकावर माझ्या बायकोचं नाव घालणार आहेत. अक्षरं मीच रंगवायची.

शिंपी : आमच्या ताईचं?

रंगारी : तिला जाऊन वर्ष झालं, दादा. मी अख्ख्या वस्तीच्या पाट्या रंगवल्या. तिचं नाव कुठंच नाही.

शिंपी : अरे वेड्या, मग मला सांगायचंस! ताईच्या नावाला मी नको म्हटलं असतं? शाळेमागं केवढी मोकळी जागा पडलीय. अध्यक्षांना हाच कोपरा कशाला हवा होता?

रंगारी : ते शाळेमागचीच जागा देत होते.

शिंपीणबाई : मग?

रंगारी : कोपरा मी मागितला.

शिंपीणबाई : काय?

रंगारी : आजारपणात ती रोज इथंच यायची ना. या फळीवर बसून काजं करायची. घरी तिचा जीव रमायचा नाही. मला वाटलं, बाक असावा तर इथंच असावा.

शिंपीणबाई : अहो, ती काय या पत्र्यासाठी येत होती? हे चिडवायचे, मी चहा करायची, गिऱ्हाइकं विचारपूस करायची, म्हणून यायची ती! तिचं माहेरच उठवलंत तुम्ही, भावजी.

रंगारी : मी जातो अध्यक्षांकडे. आत्ता जातो. सांगतो, दादा नाही म्हणायला उठले होते.

शिंपी : जाशील?

रंगारी : जातो ना. फक्त… बाक शाळेमागं गेला तर नाव राहील ना, तेवढं आधी विचारून बघतो.

शिंपीणबाई : हे बघा. अजून आधी बाकच.

शिंपी : बस रे, बस. नको उठूस. आता तू आमच्यासाठी उठायचं नाहीस.

रंगारी : दादा, असं नका बोलू. शिव्या द्या हवं तर.

शिंपी : शिव्या कसल्या? यंत्र नेऊ वर, देव आहे. तू बाक कर. चांगल्या ठळक अक्षरांत लिही. लोक येऊन बसतील, नाव वाचतील, विचारतील, ही कोण हो? तेव्हा घाईनं उत्तर देऊ नकोस. तिला नीट आठव. काज पुरं झालं की कापड उजेडात धरून कशी बघायची, हसू आलं की हातातली सुई आधी कशी खाली ठेवायची, सगळं आठवून सांग त्यांना. ती कुणाच्या दारात बसून हसायची, ते नाही सांगितलंस तरी चालेल.