पडक्या कमानीची दुरुस्ती

"हॅलो?… हां, बोला रामकिसनभाऊ. झाली का फ्रेम?"

कळंबच्या स्टँडवर दीपमालाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. रविवारी शाळेत शरणबसप्पा सरांचा सत्कार. बाईंना चित्रकला शिकवली ती सरांनीच. सरांचं एकच चित्र उरलेलं, तेच फ्रेमला टाकलेलं.

"काय जोडली? कमान?… थांबा, थांबा… अहो, ती फाटलेली न्हवती! ती पडकीच हाय!… रोममधली. दोन हजार वर्षांची… हो, हो, मुद्दाम. पडक्या कमानीचंच चित्र हाय ते!"

पलीकडचा खुलासा काही संपेना. बाईंचं डोकं ठणकायला लागलं.

"ठाऊक हाय हो… लोकांच्या आज्याचे फाटके फोटो तुम्ही जोडता, पुसलेल्या मिशा भरता. पण हा काय कुणाचा आजा हाय का?… कशानं भरली? काळ्या शाईनं?… आता काय खोडता!… अहो भाऊ, ऐका ना! दुसरी प्रत न्हाई. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढून, तो अ‍ॅसिडात बुडवून छापलंय सरांनी. पत्रा कवाच मोडीत गेला… आँ? वरची झुडपं पण? पांढऱ्या रंगानं झाकली? स्वच्छ केलं म्हणे! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

शेजारच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

"सरांना आता माझं नावसुद्धा आठवत न्हाई, भाऊ. पण त्या कमानीचा कुठला दगड कुठं निखळलाय, ते अजून बोटानं दाखवतात. तेवढंच राहिलंय त्यांच्यापाशी. आता काय दाखवतील?… काय? सर? दुकानात?… सुनेबरोबर आलेत? अहो, मग पालथं ठेवा ते!… हातात दिलं?… मग? काय म्हणाले?… निखळलेला दगड बोटानं शोधतायत?… द्या. त्यांना द्या फोन."

बाईंचा आवाज एकदम खाली आला.

"सर, मी दीपमाला… दीपमाला, सर… तुमच्या वर्गातली… हो, तेच चित्र… हो, अख्खी हाय कमान…"

बाईंची धाराशिवची गाडी लागली, माणसं धावली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"न्हाई सर, कुणी हात न्हाई लावला… व्हय… तुम्ही अशीच काढली होती."

फोन सरांनीच ठेवला.