पेनाने दिलेले चौतीस गुण

मी, खाली सही करणारी, वय ५३ वर्षे, व्यवसाय नोकरी, कुलपं आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात नियोजन विभागाची प्रमुख, राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला. घरी मी आणि पती अशी दोघंच. पती वय ६१ वर्षे, पूर्वी याच कारखान्यात भांडारप्रमुख, गेली अकरा वर्षं घरी असतात. आज दुपारी तीन वाजता बोलावल्यावरून ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या दबावाखाली नाही, पुढीलप्रमाणे सांगते. जबाब माझ्याच शब्दांत लिहावा अशी विनंती मी अंमलदार साहेबांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

कारखान्याच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की मी सॉफ्टवेअर निवड समितीचा एक गोपनीय कागद चोरून घरी नेला. तक्रार मला वाचून दाखवली. कागद माझ्याकडे आहे. तो मी गेल्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मुख्य दरवाजातून बाहेर नेला. रखवालदाराने विचारलं, "बाई, हातात काय?" मी सांगितलं, "समितीची गुणपत्रिका, माझी." त्याने वहीत तसं लिहून माझी सही घेतली. चोर जाताना वहीत सही करून जात नाही, एवढं तरी प्रशासन अधिकाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

प्रकरणाची सुरुवात अशी. आमचा कोणता माल कुठे किती खपतो, पुढच्या वर्षी किती लागेल आणि त्याप्रमाणे कोणत्या विभागाला किती पैसा आणि किती माणसं द्यायची, हे सगळं एका जागी दिसावं म्हणून नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. आजवर हे काम माझ्या विभागातल्या चौघीजणी एक्सेलच्या तक्त्यांवर करतात. नवीन सॉफ्टवेअर घ्या म्हणून दोन वर्षं मीच कंठशोष करत होते. हे मुद्दाम लिहून घ्या, कारण बाईंना बदल नको आहे असं माझ्या पाठीमागे बोललं जातं. समिती पाच जणांची होती. अध्यक्ष धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे पुतणे. सचिव मी, त्यामुळे समितीचे सगळे कागद माझ्या खणात असायचे.

शेवटच्या फेरीत दोन सॉफ्टवेअर राहिली. त्यांची खरी नावं सांगत नाही, माझं भांडण त्या कंपन्यांशी नाही. आमच्या विभागात एकाला 'झगमग' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मास्तर'. झगमगचे आलेख फार देखणे. मास्तर दिसायला रुक्ष आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारणारा. मलाही ऑफिसात 'पडताळाबाई' म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

विक्रेते डेमोला येतात तेव्हा स्वतःचा डेटा घेऊन येतात. त्यात सगळं लोण्यासारखं चालतं. म्हणून मी दोघांनाही आमचाच जुना, तीन वर्षांचा डेटा दिला आणि त्यात एक चूक मुद्दाम ठेवली. शेवटच्या वर्षातल्या एका महिन्याच्या बिजागऱ्या नगांत भरायच्या त्या जोडीत भरल्या, म्हणजे आकडा निम्मा झाला. आमच्याकडे ही चूक वर्षातून दोनदा तरी होतेच, कारण कारखाना नग मोजतो आणि दुकानदार जोडी मागतो. मास्तर त्या महिन्याला अडला. पडद्यावर आलं की हा आकडा आजूबाजूच्या महिन्यांशी जुळत नाही, तपासून बघा. झगमगने तोच आकडा मुकाट गिळला आणि पुढच्या वर्षी बिजागऱ्यांची मागणी घटणार असा हिरवा-जांभळा आलेख काढून दिला. शेजारी काटकसरीचा एक रकाना होता. बिजागरी विभागात चोवीस माणसं आहेत, त्यांतली नऊ कमी करा, असं त्या रकान्यात आपोआप आलं.

धाकटे साहेब म्हणाले, "वा, किती स्वच्छ दिसतंय. एका नजरेत निर्णय."

मी म्हटलं, "साहेब, दिसतंय छान, पण खोटं आहे. चूक मी घातली आहे." आणि महिना दाखवला.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही पाहुण्यांना फसवलंत?"

मी म्हटलं, "घरात घेण्याआधी पारखून बघितलं. मुलगी बघायला गेल्यावर सुद्धा लोक दोन प्रश्न विचारतात, आणि तिच्या बोलण्यावर कोणाची नोकरी जात नाही."

झगमगचा विक्रेता हसला. त्याने सांगितलं की चुका पकडण्याची सोय त्यांच्याकडे आहे, पण ती वरच्या पॅकेजात येते आणि आम्ही खालचं घेत होतो. समितीतले बाकीचे तिघे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले.

त्यानंतर गुण देण्याचं काम झालं. आमच्या कारखान्यात गुणपत्रिका पेन्सिलीने भरायची जुनी पद्धत आहे. गुण पेन्सिलीने, सही पेनाने. चर्चेनंतर कोणाला गुण बदलावेसे वाटले तर खाडाखोड दिसू नये, असं त्याचं कारण सांगतात. पेन्सिली बैठकीतच वाटतात, टोक काढून, मागे खोडरबर असलेल्या. मी माझी पत्रिका पेनाने भरली. झगमगला शंभरपैकी चौतीस, मास्तरला एक्याऐंशी. धाकटे साहेब म्हणाले, "अहो, पेन्सिल घ्या ना." मी म्हटलं, "आमच्या घरची पेन्सिल अकरा वर्षांपूर्वी संपली."

अंमलदार साहेबांनी विचारलं की अकरा वर्षांपूर्वी काय झालं. त्याचा या तक्रारीशी संबंध आहे, म्हणून सांगते. तेव्हा भांडारातल्या साठ्याच्या नियोजनासाठी असंच एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. माझे पती त्या समितीत होते. त्यांनी त्याला पेन्सिलीने चाळीस गुण दिले आणि खाली पेनाने सही केली. वर्षभरात भांडार पितळी पत्र्याने छपरापर्यंत भरलं, स्प्रिंग मात्र मिळेना, आणि कुलपांचं काम सव्वीस दिवस बंद राहिलं. मग गुणपत्रिका बाहेर काढली. तिच्यावर शहाऐंशी होते. ह्यांना विचारलं, सही तुमची का? हे म्हणाले, माझीच. आकडा माझा नाही असं ह्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. सगळं खापर ह्यांच्या डोक्यावर फुटलं आणि ज्यांनी खोडरबर चालवलं ते नामानिराळे राहिले. आमच्या खिडकीतून भांडाराचं छप्पर दिसतं. म्हणून ह्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. याहून जास्त मला सांगायचं नाही.

गुरुवारी दुपारी साडेचार वाजता प्रशासन अधिकारी माझ्या टेबलाशी एक नवी, टाईप केलेली पत्रिका घेऊन आले. तिच्यावर माझं नाव होतं. झगमगला एक्याऐंशी आणि मास्तरला चौतीस. आकडे माझेच, फक्त जागा बदललेल्या. ते म्हणाले, "टाईप करताना रकाने उलटे झाले असतील. समितीचं एकमत झालंय, सही करून टाका. आणि तुमची हाताने लिहिलेली प्रत द्या, ती नष्ट करायची आहे."

मी म्हटलं, "उलटे झाले असतील तर सुलटे करून आणा. मी कुठे पळून जात नाही."

ते खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाई, पाच वर्षं राहिली तुमची. गोडीगुलाबीने काढा. उद्या काही बिघडलंच तर सॉफ्टवेअरकडे बोट दाखवता येईल, तुम्हाला कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "उद्या बिघडलं की तुम्ही सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणार नाही. सही कोणाची आहे ते बघणार. हे मला शिकवू नका, माझ्या घरात राहतं ते."

ते गेल्यावर मी माझी पत्रिका खणातून काढली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि सुट्टी झाल्यावर घरी नेली. बाकी एकाही कागदाला हात लावला नाही. खणाची किल्ली रखवालदाराकडे जमा केली.

घरी मी ती पत्रिका पतींना दाखवली. ह्यांनी चष्मा लावला आणि चौतीसवर अंगठा घासून बघितला. आकडा हलला नाही. पुन्हा एकदा घासला. मग म्हणाले, "खुर्ची जरा खिडकीकडे वळव." मी वळवली. पत्रिका कपड्यांच्या कपाटात, ह्यांच्या कामावरच्या जुन्या सदऱ्याखाली ठेवली आहे. आज सोबत आणलेली नाही.

ती पत्रिका मी द्यायला तयार आहे. ती याच ठाण्यात, दोन पंचांसमोर, पोच घेऊन देईन, आणि तिची एक प्रत माझ्याकडे राहील. प्रशासन अधिकाऱ्यांच्या हातात देणार नाही, धाकट्या साहेबांच्या हातातही नाही. मला कामावरून काढण्याची नोटीस तयार आहे असं काल फोनवर सांगितलं गेलं. काढू देत. पण बिजागरी विभागातली नऊ माणसं काढायची असतील तर ती माझ्या गुणांवर काढता येणार नाहीत. झगमगला एक्याऐंशी मी दिलेले नाहीत.

अंमलदार साहेब भले आहेत. त्यांनी सुचवलं की कागद अनवधानाने घरी गेला असं लिहिलं तर आजच मिटून जाईल. मी नको म्हटलं. अनवधानाने गेलेला नाही. मी तो जाणूनबुजून, दिवसाढवळ्या, सही करून नेला. मला पश्चात्ताप झालेला नाही आणि मी माफी मागणार नाही. या तीन गोष्टी जशाच्या तशा लिहाव्यात असं मी सांगितलं, तशा लिहिल्या आहेत.

हा जबाब संगणकावर टाईप करून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी तो चष्मा लावून स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला. माझ्या वयाचा आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून पान नव्याने छापून घेतलं. बाकी मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे. सही कुठे करायची ते कळावं म्हणून पानाच्या तळाशी पेन्सिलीने एक फुली केलेली होती. ती खोडल्याशिवाय मी सही करणार नाही असं सांगितलं. अंमलदार साहेबांनी ती माझ्यासमोर खोडली. कागद उजेडाकडे धरून बघितला, खाली काही उरलेलं नाही. आता पेनाने सही करते.