खंडेनवमीला नाक्यावर अडवलेली तीन पाती

नाव : श्रीपाद रघुनाथ आठल्ये, वय : ६८ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त, पूर्वी वागळे इस्टेटमधील कारखान्यात सुपरवायझर, राहणार : बाळकुम, ठाणे. दिनांक १ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर झालो असून समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सरोजसह राहतो. नोकरीत पस्तीस वर्षे पोलाद तापवून त्याला पाणी दिले, त्यातून जुन्या पात्यांचा नाद लागला. माझ्याकडे फिलिपाईन्सच्या दक्षिणेकडील मोरो लोकांची तीन हत्यारे आहेत. लांब सरळ कॅम्पिलान, नागमोडी क्रिस आणि पानाच्या आकाराचे आखूड बारोंग. बारोंगला तलवार म्हणू नये, असे मी हवालदार साहेबांना सांगितले. त्यांनी ‘हत्यार’ लिहिले आहे, ते चालेल. पहिल्या दोन्हींची परवान्यात नोंद आहे. बारोंग मला गेल्या वर्षी मेव्हण्याकडून मिळाले. त्याची नोंद आज करू, उद्या करू म्हणत राहून गेली. ही चूक माझी आहे.

आनंदा गुणाजी भोईर, वय ५४, रस्त्यापलीकडच्या गावठाणात राहतो. आठ वर्षांपूर्वी तो आमच्या सोसायटीतले झुडूप तोडायला आला, तेव्हा मी त्याच्या हातातला कोयता बघायला मागितला. तो त्याच्या वडिलांचा होता. तेव्हापासून आम्ही रविवारी बसतो. एकेक पाते बोटावर आडवे धरून तोल कुठे येतो ते पाहतो आणि वहीत लिहितो. कोयता आणि बारोंग, दोन्हींचा भार पुढच्या अंगाला निघाला. समुद्रापलीकडच्या लोहाराला आणि बाळकुमच्या लोहाराला एकच गोष्ट सुचली, याचा आम्हा दोघांना इतका आनंद झाला की सरोजने त्या दिवशी शिरा केला.

काल मी व सरोज मुलगी आसावरी हिच्याकडे डोंबिवलीला गेलो. झाडांना पाणी घालण्यासाठी घराची किल्ली आनंदाकडे दिली होती. त्याच्या घरी खंडेनवमीला घरातले सगळे लोखंड पूजेत मांडतात. आज सकाळी त्याची आई सखुबाई हिने विचारले, काकांच्या पात्यांची पूजा कोण करणार? मी पूजाअर्चा करत नाही, हे तिला ठाऊक आहे. म्हणून आनंदाने माझ्या कपाटातली तिन्ही हत्यारे चटईत गुंडाळली आणि स्कूटरवर घेतली. कॅम्पिलान मीटरभर लांब, ते चटईबाहेर आले होते. नाक्यावर सणाचा बंदोबस्त होता. साडेअकराच्या सुमारास त्याला अडवले. पोलिसांनी त्यांचे काम केले.

११ वाजून ५० मिनिटांनी मला पोलीस ठाण्यातून फोन आला. आनंदा भोईर नावाचा इसम या तलवारी तुमच्या आहेत म्हणतो, खरे आहे का, असे विचारले. बारोंगची नोंद नाही, एवढेच माझ्या डोक्यात आले. मी “माझ्या नाहीत” असे सांगून फोन ठेवला. हे मला कोणी आता विचारलेले नाही, मी आपणहून सांगतो.

आसावरीकडे जेवायला बसलो, पण पानातले तसेच राहिले. सरोजने विचारले तेव्हा सांगितले. ती म्हणाली, “घाबरलात तुम्ही आणि बसवून ठेवलाय त्याला. पान झाकून ठेवते, उठा.” मी तसाच निघालो, घरून परवाना घेतला आणि साडेतीनला येथे पोहोचलो.

आनंदा बाकावर चहा पीत बसला होता. त्याला कोणी बोटही लावलेले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला. फोनवर मी काय बोललो ते त्याला कळले होते. मला त्याच्याकडे बघवेना. तोच म्हणाला, “काका, पोलीस बघून माझीव तंतरली व्हती. तुमी आलाव ना, झाला. आता बेगीन सांगून टाका, आय पूजेला खोलंबली हाय.”

तरी, हत्यारे माझीच आहेत. आनंदाने ती माझ्या भरवशावर नेली, चोरी केलेली नाही. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही, असलीच तर त्याची माझ्याविरुद्ध असावी. कॅम्पिलान व क्रिस मला परत मिळाले. बारोंग नोंद होईपर्यंत येथे जमा राहील, त्याची पावती मिळाली. एरवी मला झोप लागली नसती, आज फार हलके वाटते आहे. बारोंगच्या जागी पावती पूजेत मांडू, असे आनंदा म्हणतो. माझी हरकत नाही.

हा जबाब मला आनंदासमोर मोठ्याने वाचून दाखवला. फोनवरचे माझे वाक्य गाळायचे का, असे हवालदार साहेबांनी विचारले. आनंदा म्हणाला, गाळा. मी म्हटले, राहू द्या. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/- श्रीपाद रघुनाथ आठल्ये