शिडी धरणाऱ्याचा कोंबडा

अहो नाही हो, विकायचा नाही! तुम्ही तिसरे विचारणारे… हा कोंबडा माझा आहे, म्हणजे आजच्यापुरता माझा, उद्या देवाचा. आणि लोकसंस्कृतीचा प्राध्यापक एसटी स्टँडवर पिशवीत कोंबडा घेऊन का बसलाय, असं जे तुमच्या चेहऱ्यावर उमटलंय ना, त्याचं उत्तर तुम्हाला सांगतो. जाहिरात! केवढी? तीस सेकंदांची!

आमच्या कॉलेजात हल्ली फिल्मचा प्रकल्प असतो. मूल गावचा स्वप्निल माझ्याकडे आला, ‘सर, मार्गदर्शक व्हा ना जी, तुमाले काईच करा लागत नाई.’ काहीच करावं लागत नाही, या वाक्यावर ज्यानं विश्वास ठेवला तो असा कोंबडा घेऊन बसतो! विषय काय, तर सिरोंचा रस्त्याला आत एका गावी बायांचा बचत गट आंब्याचं लोणचं करतो, त्याची जाहिरात. गटाची प्रमुख इतवारीबाई, स्वप्निलच्या वर्गातल्या दीपिकाची आत्या. गेलो. सगळं गाव मोहाची फुलं वेचायला रानात. झाडाखाली उभे राहिलो, वर पाहिलं, तर आंबे सुपारीएवढे! पण दिग्दर्शक तो दिग्दर्शक… त्यानं सिरोंच्याच्या बाजारातून मोठाल्या कैऱ्या आणल्याच होत्या. दोऱ्यानं बांधल्या फांदीला. तो वर, खाली शिडी मी धरलेली; माझं मार्गदर्शन म्हणाल तर एवढंच. इतवारीबाईनं विचारलंसुद्धा, ‘बाजारचा हाय ना जी हा? मंग चालते,’ आणि तोडून असा कचकन चावा घेतला, डोळे असे मिटले, की कॅमेऱ्यामागे दीपिकाच्या तोंडाला पाणी सुटलं.

आता हे ‘चालते’ काय, ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. त्या गावात पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय गावच्या झाडाचा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. आधी देवाला, मग माणसाला. निषेध, म्हणजे मनाई, आंब्याला नाही बरं का, बाजारातून आणून खुशाल खा. निषेध आहे त्या झाडाशी, त्या मातीशी असलेल्या नात्यात आगाऊपणा करण्याला. बारकाईनं पाहिलं तर किती विचारपूर्वक बांधलेली रीत! पण बारकाईनं पाहायला वेळ कुणाला? तीस सेकंद!

महिन्याभरानं स्वप्निल एडिटिंगला बसला आणि सपासप कापत सुटला. शिडी कापली, दोरा कापला, मी कापला गेलो, त्याचं मला दुःख नाही… आणि उरलं काय? झाड. इतवारीबाई. वर गेलेला हात. आंबा. चावा! अहो, एकेक तुकडा खरा, आणि जोडला की सगळं खोटं! मी म्हणालो, ‘अरे, ही बाई पंडुमाआधी गावचा आंबा खाताना दिसतेय.’ तर, ‘दिसू द्या ना सर, मस्त दिसून राह्यली!’ आणि तोवर नमुना म्हणून त्यानं ते मोबाइलवर पाठवूनही दिलं होतं, वर्गाला. आणि वर्गातून ते पोचलं गावाला…

दुसऱ्या दिवशी इतवारीबाईचा फोन. ‘सर, हापशीवर मी गेली का बाया बाजूले होतेत. मंगली, माही शेजारीण जी, तिनं माह्या हातचं पाणी नाई घेतलं. म्हणते, औंदा गारपीट झाली तं तुह्यामुळं… सर, मी गावचा नाई ना खाल्ला जी?’ तुम्हाला सांगतो, आपण काय खाल्लं हे त्या बाईनं मला विचारावं? स्वतःच्या जिभेवरचा भरवसा उडाला तिचा, आणि तो उडवायला किती वेळ लागला? तीस सेकंद!

गावचे पुजारी लच्छूभाऊ. त्यांना फोन लावला, दोऱ्याची हकिकत सांगितली, दीपिकाची साक्ष काढली. ते आपले थांबत थांबत, ‘भाची तं आत्याकडूनच बोलंल… तुमी शिकलेले, तुमी बी गोड बोलान… पन गावानं डोळ्यानं पाह्यलं ना?’ म्हटलं, दोरा बांधतानाचं चित्रण आहे, पाठवतो. ‘वेगळं नोका पाठवू जी. लोक म्हणतीन मागून बनवलं. जिथी खाल्लेलं दाखवलं तिथीच दोरा दाखवा. नाई तं बाई पंडुमात बसत नाई.’

आणि पंडुम तोंडावर! धावलो स्वप्निलकडे. ‘सर! दोरा दाखवला तं आंबा खोटा, आंबा खोटा तं लोणचं खोटं, परीक्षक माही जाहिरात फेकून देतीन ना!’ बिनतोड! मी आपला निषेध, नातं, संदर्भ असं काहीतरी समजावत राहिलो… शेवटी दीपिकाच म्हणाली, ‘घे तुले तुहे मार्क. पन माह्या आत्याच्या घरी दोनदा जेवला ना बे तू? आता तिच्या घरी कोनी जेवत नाई.’ मग त्यानं ‘फालतू’ नावाचं फोल्डर उघडलं.

शिडी आली. दोरा आला. गाठ सुटून एक कैरी माझ्या टकलावर पडली, तेही आलं! म्हटलं, हे हवंच का? ‘हवं ना सर, त्याच्यानंच तं समजते का आंबा बांधला होता.’ मग चावा. मग संपलंच! लोणच्याची बरणी? तिला जागाच उरली नाही. तीस सेकंदांत काय काय बसवणार!

पाठवलं. दिवसभर फोनकडे पाहत बसलो. संध्याकाळी लच्छूभाऊ. ‘बाईची चूक नाई जी. समद्याइनं पाह्यलं. मंगलीनं तं परत परत पाह्यलं, तुमच्या डोक्यावर पडते ते.’ हुश्श केलं मी. ‘पन सर… देवाच्या झाडाले बाजारचा माल बांधला, हे बी दिसलं. दंड बसला, एक कोंबडा.’ म्हटलं, सांगतो स्वप्निलला. ‘तो लेकरू हाय जी. शिडी कोनं धरली होती?’

पुरावा मीच पाठवलेला! आणि लगेच इतवारीबाईचा फोन, आवाज असा मोकळा, आधीची बाई ती हीच का असं वाटावं, ‘सर, मी बसून राह्यली पंडुमात! सकाळीच या, कोंबडा घेऊन. सण झाला का आंबे उतरवाचे हायेत, खरे… अन् शिडी तुमी चांगली धरता जी, अख्ख्या गावानं पाह्यलं!’

म्हणजे बघा… तेव्हा तीस सेकंदांसाठी धरली होती, उद्या अख्खं झाड रिकामं होईपर्यंत!