खंडेनवमीची वडी

—अहो, उभं का पावणं, बसा की! च्या घ्या. आत तोंडी परीक्षेत आमच्या निशाला घाम फोडून आलासा, आता जरा घसा वला करा. मी भरमाप्पा. कागदावर लॅब अटेंडंट, पण ह्या कॉलेजात अठ्ठावीस वर्सं भट्टीच राखतोय. प्रोफेसर येत्यात, जात्यात — भट्टीचं दार कुणीकडनं उघडतं तेबी म्याच दाखवायचं. हसताय काय, खरं हाय!

आणि पुण्यासनं एवढ्या लांब आलासा ते पोरीला खोटी पाडायला व्हय? मला कान हाईत की. पयली वडी झकास निघाली, पुढच्या तीन का बिघडल्या — हेच इचारत हुतासा न्हवं? वडी म्हंजे ती वीज बनवायची, चिनीमातीगत, निकेल मुरवल्याली. हायड्रोजन सोडून नऊशे डिग्रीला भाजली की अंगावर पुरळ उठावं तसं निकेल भाईर येतंय. दाणं बारीक तर वीज जोरात, दाणं मोठं झालं की गेलं काम. बघा, मलाबी पीएचडी द्या! पयल्या वडीचा फोटो बघून नाचली हो पोरगी. कोडोलीची ती, घरात एवढी शिकल्याली पयलीच. ती आकडं बनवंल? छ्या! दहा तास भाजली म्हणून प्रबंधात लिवलंय, तर दहाच. भट्टीच्या वहीत माझ्या हातचं अक्षर हाय.

—पयली वडी भाजली त्या दिशी ती हुती का? नव्हती की. दोन हजार चारच्या दसऱ्याचा आदला दिस. आईला घिऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं हुतं तिला. सकाळी भट्टी नऊशेला पोचवली आणि गाडीसाठी पळाली. मीच म्हणलं, जा बाई, मी हाय. —बसून? दहा तास कशाला बसतोय! खंडेनवमी हो ती. हत्याराची पूजा झाली की त्या दिशी हत्यार चालवत न्हाईत. माझं हत्यार कंचं? भट्टीच! दुपारी हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि म्हणलं, बाई, आजचा दिस इसावा घे. गॅस तेवढा गार हुईस्तवर चालू ठेवला, एवढं कळतंय मला.

—कवा बंद केली? चार तास झालं असतील. —वहीत? वहीत दहाच लिवलं. तिनं दहा सांगितल्यालं, मग दहा लिवायचं की, उगं कशाला पोरीच्या जिवाला घोर...

असं का बघतासा? च्या गोड झाला काय?

थांबा. चार तासात दाण्यांना वाढायला टायमच घावला न्हाय. म्हणून बारीक ऱ्हायलं. आणि पुढच्या तिन्ही वड्या तिनं बिचारीनं खरोखर दहा-दहा तास भाजल्या.

आयला!

दोन वर्सं झाली, पावणं. ‘मामा, माझ्याच हाताला काय झालंय वं’ म्हणून ती हितंच, ह्याच बाकड्यावर रडायची — आणि मी शाना तिला सांगायचो, हुईल बाई, देवाची मर्जी. देवाची कसली डोंबलाची! माझी मर्जी ती. नव्या वडीला चार तास द्या, आत्ताच्या आत्ता लावतो भट्टी, निघतंय का न्हाय बघा.

न्हाय, समजूत घालू नका. मार्चात रिटायर हाय, सायबांना काय करायचं ते करू द्यात. ही वही घेतली. उठा आता, वाट द्या. आणि आत गेल्यावर तुमी गप ऱ्हावा — तिला पयलं माझ्या तोंडनं कळू दे.