पितळी मुठीवरचं नाव

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, भाता मिटा. हे आख्यान सुरावर चालत नाही. आधी एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. ज्यानं घडवलं त्याला ओळखलं, म्हणजे सगळं ओळखलं का?

माना हलल्या! वा! प्रश्न पुरता कळायच्या आधी मान हलवायची सवय चांगली, जावयांना फार उपयोगी पडते. पण घाई करू नका. ऐका.

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावात चिंतामणराव केळकर नावाचे गृहस्थ. वीजमंडळातून निवृत्त. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. माणसाला काही ना काही जमवायचा नाद असतोच — कुणी तिकिटं जमवतो, कुणी नाणी, आमच्या ओळखीचे काहीजण नुसते आजारच जमवतात! तात्या जमवत होते चाकू. कसले? बालवीरांचे. जुन्या काळी स्काउटची पोरं कमरेला लावायची ना, ते घडीचे चाकू — एक पातं, एक डबा उघडायचं हत्यार, एक दाभण. असे दोनशे अकरा चाकू! बायको म्हणायची, घरात कांदा चिरायला सुरी मिळत नाही, आणि ह्यांच्या कपाटात दोनशे अकरा!

पण नुसतं जमवणं नव्हे हो. विद्या होती. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो — बारीक, गंजलेला, अर्धा झिजलेला. तात्या भिंग लावायचे आणि सांगायचे: हा विलायतचा, हा जर्मनीचा, हा लढाईच्या आधीचा, हा नंतरचा. शिक्का पुरता गेला असला तरी नखानं पातं उघडायची खाच बघून सांगतील! मुंबई-पुण्याहून लोक चाकू घेऊन यायचे. आणि खोटा शिक्का मारणाऱ्यांचा तात्यांना असा राग, की म्हणायचे, असल्यांचे हात झडले पाहिजेत.

आता त्यांची एक रीत होती, ती नीट ऐका. पोरं काय करायची? मुठीवर खिळ्यानं आपलं नाव कोरायची. पोरंच ती! तात्यांना ते बघवत नसे. त्यांच्या लेखी तो डाग. चाकू हातात आला की आधी शिक्का वाचायचा, मग पॉलिशपेपर घेऊन मुठीवरची खरवड घासून काढायची. मूठ आरशासारखी झाली की चाकू कपाटात. आपण नाही का, देव्हारा घासूनपुसून लख्ख करतो — आणि घरातलं माणूस उपाशी आहे का, हे विचारायचं राहून जातं?

त्या वर्षी उन्हाळा असा कडक पडला, की धरणाचं पाणी तळाला गेलं. चिखलात मासे धरणाऱ्या एका माणसाला पितळी मुठीचा चाकू सापडला. तात्यांनी तो घेतला. शिक्का वाचला — दुर्मीळ! आनंदानं दोन दिवस जेवण सुचेना. मग रीतीप्रमाणे मूठ घासली.

पंधरा दिवसांनी दारात एक बाई आली. कुसुम मोहिते, वय एकसष्ट. धरणात चाकू सापडल्याचं तिच्या कानावर आलं होतं, आणि त्या मासेवाल्यानंच पत्ता दिला होता. बसली, आणि तिनं सांगितलं ते असं. तिचा थोरला भाऊ अरविंद. तेरा वर्षांचा होता. मामानं दिलेला पितळी चाकू म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यानं मुठीवर खिळ्यानं आपलं नाव कोरलं — चाकू हलू नये म्हणून हीच दोन्ही हातांनी धरून बसली होती. महागाची वस्तू खराब केलीस म्हणून बापानं त्याच्या कानाखाली दिली. दुसऱ्या दिवशी पोरगं शिबिराला गेलं, नदीच्या वळणावर. तिथून परत आलंच नाही. पुढं ते वळण धरणात गेलं.

कुणी म्हणालं बुडाला. कुणी म्हणालं बापावर रुसून पळाला. आईनं दुसरं धरून ठेवलं. बावन्न वर्षं, मंडळी! बाप गेला, त्याचे दिवस झाले, श्राद्धं झाली. पोराचं पान मात्र कुणाला वाढू दिलं नाही. म्हणायची, जिवंत माणसाचं पान वाढतात का? आता ती माउली शहाऐंशीची. डोळे गेलेले. अंथरुणाला खिळलेली. कुसुमला एवढंच हवं होतं — आईच्या हातात ते नाव द्यायचं, म्हणजे तिचं वाट बघणं एकदाचं संपेल.

"तात्या, मुठीवर काही होतं का हो?"

तात्या उठले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. काहीतरी होतं. रेघा होत्या. पण काय होतं? कारखाना आठवत होता, साल आठवत होतं, मुठीचे खिळे किती तेही आठवत होतं. ते नाव त्यांनी वाचलंच नव्हतं!

खरं सांगायचं ना बाहेर येऊन? जीभ उचलेना. तात्या म्हणाले, उद्या मीच चाकू घेऊन येतो.

आणि त्या दुपारी, खोट्या शिक्क्यावर शिव्या घालणाऱ्या त्या माणसानं स्वतःच खिळा घेतला. पितळेवर कोरलं — अरविंद. वर राख चोळली, तेल चोळलं. हसू नका मंडळी.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या हातात चाकू दिला. तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. एकदा. दोनदा. मग म्हणाली, "हे आत्ताचं आहे."

तात्या म्हणाले, जुनंच आहे, आजी.

"बोटाला कड लागते. बावन्न वर्षं पाण्यात राहिल्यावर कड राहील का?" आणि मग अगदी शांतपणे, "तुम्ही कोरलंत. म्हणजे आधीचं काहीतरी तुम्ही पुसलंत. नाहीतर कोरायची पाळी कशाला आली असती? आधीचं काय होतं, तेवढं सांगा. दुसऱ्या कुणाचं असलं तरी चालेल."

तात्यांनी कबूल केलं. होतं काहीतरी, पण वाचलं नाही. मी शिक्का बघत होतो. कारखान्याचा.

म्हातारीनं चाकू परत दिला.

"मग त्या कारखान्याला विचारा," ती म्हणाली, "माझा पोरगा कुठं आहे ते."

मार्गशीर्षात ती गेली. जायच्या आदल्या दिवशी कुसुमनं पुन्हा विचारलं, आई, आता तरी दादाचं करू का गं? म्हातारी नाही म्हणाली. तो बुडाला हे तिला कळलं नाही, जिवंत आहे हेही नाही. अधांतरीच गेली. कुसुम आजही आईबापाची पानं वाढते आणि तिसऱ्या पानापाशी तिचा हात थांबतो. वाढावं तर आईचा शब्द मोडतो, न वाढावं तर भाऊ उपाशी.

तात्यांचं कपाट? विकलं असेल, दान केलं असेल. मी चौकशी केली नाही, तुम्हीही करू नका.

आता माझा प्रश्न परत घ्या, आणि ह्या वेळी मान हलवू नका. घडवणारा कोण, हे तुम्हाला पाठ आहे. त्याची सहस्र नावं घडाघडा म्हणता! हा मांडव आज सकाळपासून ज्या बाईनं झाडला, सडा घातला, ती मागं खांबाला टेकून बसली आहे. कोण सांगतो तिचं नाव?

सांगा ना! अध्यक्ष? सेक्रेटरी? अहो, दर वर्षी येते ती!

कुणालाच नाही? मलाही नाही, मंडळी. तिच्या हातचा चहा पिऊन मी इथं उभा राहिलो. कपाळाला बुक्का लावून घडवणाऱ्याचा शिक्का मिरवतो, आणि समोरच्या माणसाचं नाव आपण रोज घासून काढतो.

आरती थांबू द्या. देव कुठं जात नाही. बाई, तुम्ही पुढं या, आणि तुमचं नाव सांगा. आम्ही ऐकतो आहोत.