आक्काला मारलेली लाथ

हे कुणाला सांगायचं नाही, असं थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मला बजावलंय. पण तुम्ही घरी बोलणार नाही, म्हणून सांगते. आमच्या निपाणीच्या शाळेत व्यायामाच्या बाई मुलींना जुजुत्सूच्या, म्हणजे जपानी कुस्तीच्या, लाथा शिकवतात. घरच्यांना वाटतं, आम्ही लेझीम शिकतो.

माझी जोडी आक्काशी. ती पोटापुढं भुशाचं पोतं धरायची आणि मी परकर खोचून लाथ मारायची. पण पोत्याला लागलेला पाय मला आक्कालाच लागल्यासारखा वाटायचा. मग मी लगेच तिला नमस्कार करायला वाकायची आणि ती पोत्यानंच मला ढकलून पाडायची.

"अगं, चोराला लाथ मारून त्याच्या पाया पडणार व्हय?" बाई वैतागल्या. "आज एक तरी लाथ नीट जमली न्हाय, तर उद्यापासनं लेझमीला जा."

मला लेझमीला जायचं नव्हतं. मी हळूच विचारलं, "बाई, आधीच पाया पडून घेतलं तर चालंल?"

"पड बाई!"

मी आक्काच्या पाया पडले, उठले आणि लाथ मारली. आक्का पोत्यासकट मागं जाऊन बसली.

"लई लागलं गं!" ती ओरडली.

"तू इथंच राहा," बाई मला म्हणाल्या.

आता आम्ही घरीही सराव करतो. आई शेजारणींना कौतुकानं सांगते, "धाकटी लई वळणाची. रोज सांजंला थोरलीच्या पाया पडती." तिला कुठं ठाऊक, की त्यानंतर गोठ्यामागं आम्ही दोघी पोतं घेऊन...

आले गं आई!